दहा तासांचा उशीर

ड जीवनसत्त्वाला एक खोड आहे. ते कामाला उशिरा लागतं. ड जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या पांढऱ्या उंदराच्या शिरेत त्याचे १० आय. यू. (आंतरराष्ट्रीय एककं), म्हणजे पाव मायक्रोग्रॅम, टोचले तरी पहिले कित्येक तास आतड्यात काहीच घडत नाही. कॅल्शियम होतं तितक्याच संथपणे शोषलं जात राहतं. दहा-बारा तास उलटले की मग कुठे आतडं जागं होतं. औषध तर केव्हाच रक्तात मिसळलेलं असतं. मग घोडं अडतं कुठे?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ हेक्टर डेलुका यांच्या कारकिर्दीचा गाभा म्हणजे या दहा तासांचा हिशेब. लेख पुष्कळ, पेटंटं दीडशेहून अधिक, औषधं बाजारात आली, विद्यार्थी नामांकित झाले. पण मुळाशी प्रश्न एवढाच होता: मधल्या वेळात त्या रेणूचं होतं काय?

हा उशीर मोजतात कसा, ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं या मोजणीवर उभं आहे. उंदराच्या लहान आतड्याचा जठरालगतचा सुरुवातीचा तुकडा कापायचा, थंड खारट पाण्याने धुवायचा आणि बारीक काडीवर चढवून मोज्यासारखा उलटा करायचा. आतली शोषणारी बाजू आता बाहेर आली. एक टोक दोऱ्याने बांधायचं, पिशवीत थोडं द्रावण भरायचं, दुसरं टोक बांधायचं. आत आणि बाहेर द्रावण एकच, दोन्हीकडे किरणोत्सारी कॅल्शियम-४५ सारख्याच प्रमाणात. ३७ अंशांवर, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत, तासदीड तास हलवत ठेवायचं. मग आतलं आणि बाहेरचं किरणोत्सारी कॅल्शियम मोजून गुणोत्तर काढायचं. ते एकच आलं तर आतडं झोपलेलं आहे. दोन-तीनच्या पुढे गेलं तर ते चढावर कॅल्शियम ओढतंय. बिघडतं तेही इथेच. तुकडा जठरापासून लांबचा घेतला तर ओढ कमी दिसते. ऑक्सिजन अपुरा पडला तर पेशी मरतात आणि गुणोत्तर एकवर येतं. उलटताना नखाएवढी चीर पडली तरी पिशवी गळते, आणि गळकी पिशवी ‘ड जीवनसत्त्वाचा परिणाम नाही’ असं खोटं सांगते.

डेलुका यांचा जन्म १९३० सालचा, कोलोरॅडोतल्या प्युएब्लोचा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मॅडिसनला आले ते हॅरी स्टीनबॉक यांच्या हाताखाली, आणि त्यांचे अखेरच्या काळातले विद्यार्थी ठरले. स्टीनबॉक हे या क्षेत्रातलं खरं घराणं. गायकीत घराणं सांगितल्याशिवाय गवई कळत नाही, तसंच इथे आहे.

स्टीनबॉक यांनी आधी शेळ्या पाहिल्या होत्या. दुभत्या शेळ्यांच्या शरीरातून कॅल्शियम किती जातं आणि किती येतं याचा ताळेबंद मांडताना त्यांच्या लक्षात आलं, की उन्हात चरणाऱ्या आणि गोठ्यात बांधलेल्या शेळ्यांचा हिशेब वेगळा लागतो. त्याच सुमारास युरोपात मुडदुसाचं, म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याच्या आजाराचं, कोडं दोन्ही टोकांनी सुटत होतं. लंडनला एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून, ओटची पेज खाऊ घालून मुडदूस आणला आणि कॉड लिव्हर ऑइलने घालवला. बर्लिनला १९१९ मध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवून तोच आजार बरा केला. एकाचं उत्तर बाटलीत, दुसऱ्याचं दिव्यात. १९२२ मध्ये बाल्टिमोरला मॅकॉलम यांनी कॉड लिव्हर ऑइल तापवून त्यातून हवा सोडली. त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट झालं, पण मुडदूस बरा करण्याचा गुण शिल्लक राहिला. म्हणजे तो पदार्थ वेगळा. अ, ब, क झाले होते, म्हणून हा ड.

याच १९२२ सालचा एक निबंध आपल्या घरचा आहे आणि त्याची आठवण आपणच ठेवत नाही. हचिसन आणि शहा यांनी नाशिकमधल्या मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खात्यापित्या घरांतल्या, पडद्याआड राहणाऱ्या बायका-मुलांत आजार सापडत होता. ज्यांचं जेवण बेताचं, पण दिवस उन्हात, त्या गरिबांच्या पोरांत तो फारसा नव्हता. मुडदूस म्हणजे लंडन-ग्लासगोच्या धुरकट गल्ल्यांतला आजार, या समजुतीला नाशिकच्या वाड्यांनी छेद दिला. ऊन बाहेर असून भागत नाही, ते अंगावर पडावं लागतं.

लंडनमध्ये ह्यूम आणि स्मिथ या दोघींनी १९२३ मध्ये काचेच्या बरणीवर आधी अतिनील किरण सोडले, मग त्या बरणीत उंदीर ठेवले. उंदरांवर एकही किरण पडला नव्हता, तरी ते सुधारले. त्यांना वाटलं, बरणीतल्या हवेतच काही गुण उतरला असावा. तो उतरला होता तळाच्या लाकडी भुशात, आणि उंदीर भुसा खात होते. प्रयोगात जनावर काय खातं हे आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं; जनावराचं मत वेगळं असू शकतं. स्टीनबॉक यांनी हीच गोष्ट सरळ हातात घेतली आणि १९२४ मध्ये दाखवून दिलं, की अन्नावरच किरण पाडले तर अन्न मुडदूस बरा करू लागतं. वनस्पती आणि प्राण्यांच्या चरबीत मुळातच असलेल्या स्टेरॉलांचं अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व होतं, हे रसायन पुढे जर्मनीत विंडाउस यांच्या हाताखाली उलगडलं. विंडाउस यांना १९२८ चं नोबेल मिळालं.

स्टीनबॉक यांनी पदरचे ३०० डॉलर घालून पेटंटाचा अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनी दहा लाखांच्या घरात रक्कम द्यायला तयार होती. त्यांनी ती घेतली नाही. १९२५ मध्ये विद्यापीठासाठी एक न्यास उभा राहिला, पेटंटाचे पैसे तिकडे आणि तिकडून परत संशोधनाला. हे ऐकायला छान वाटतं आणि बऱ्याच अंशी छान होतंही. पण या न्यासाने वनस्पती तुपाच्या चुलतभावाला, मार्गारिनला, परवाना नाकारला, कारण विस्कॉन्सिन हे लोण्याचं राज्य. मार्गारिन खायचे गरीब, आणि मुडदूसही त्यांच्याच मुलांना. १९४०च्या दशकात हे पेटंट अपील न्यायालयात रद्द ठरलं तेव्हा न्यायाधीशांनी या नकारावर बोट ठेवलं होतं. स्टीनबॉकचं चरित्र सांगताना ३०० डॉलरची गोष्ट नेहमी येते, मार्गारिनची क्वचित येते.

प्रयोगशाळेत मात्र स्टीनबॉकने मागे ठेवलेली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे एक आहार. नुसतं ड जीवनसत्त्व काढून घेतलं तर उंदराला मुडदूस होत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फरस नीट मिळाले तर तो तसाच निभावून नेतो. म्हणून फॉस्फरसची कोंडी करावी लागते. स्टीनबॉक आणि ब्लॅक यांचा १९२५ चा आहार असा: पिवळा मका ७६ टक्के, गव्हाचं ग्लूटेन २०, कॅल्शियम कार्बोनेट ३, मीठ १. कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस तुटपुंजा. कोवळ्या वयाच्या उंदरांना तीनेक आठवडे हे खाऊ घातलं की मुडदूस हमखास. मग औषध द्यायचं, काही दिवसांनी पुढच्या पायाचं हाड उभं चिरायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून उजेडात धरायचं. नवं कॅल्शियम जिथे बसलं तिथे काळी रेघ उमटते. रेघ जितकी अखंड, तितकं औषध जोरदार. ड जीवनसत्त्वाचं एकक, आय. यू., अशाच उंदरांच्या हाडांवर ठरलं. एक आय. यू. म्हणजे ०.०२५ मायक्रोग्रॅम, चाळीस झाले की एक मायक्रोग्रॅम. आज औषधाच्या दुकानात ‘साठ हजारची पुडी’ मागतो, ती दीड मिलिग्रॅमची असते.

डेलुका यांची स्वतःची सुरुवात चुकीच्या गल्लीत झाली, असं म्हणायला हरकत नाही. मूत्रपिंडाच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात सायट्रेट किती जळतं आणि ड जीवनसत्त्वाने त्यात काय फरक पडतो, यावर १९५०च्या दशकात त्यांनी आणि स्टीनबॉक यांनी बरंच काम केलं. परिणाम खरे होते, पण ते मूळ कारण नव्हतं. दूरवरच्या घडामोडीचा तो पडसाद होता. त्या गल्लीतून बाहेर पडायला त्यांना साधन लागलं, आणि ते साधन म्हणजे पुरेसा तेजस्वी किरणोत्सारी रेणू.

हा मुद्दा जरा थांबून समजून घ्यावा असा आहे. शरीरात ड जीवनसत्त्वाचं काय होतं हे पाहायचं तर त्या रेणूवर खूण करून तो सोडावा लागतो. केंब्रिजमध्ये एगॉन कोडिचेक यांनी हेच आधी केलं होतं. त्यांच्याकडचा खुणेचा रेणू कार्बन-१४ चा, आणि त्याची चमक मंद. इतकी मंद, की मोजण्याजोगे ठोके मिळवायला उंदराला शरीराच्या गरजेच्या कित्येक पट मात्रा द्यावी लागे. एवढा पूर आला की मूळ ड जीवनसत्त्वच सगळीकडे तुडुंब दिसतं, आणि त्यातून तयार झालेला थेंबभर नवा पदार्थ त्यात बुडून जातो. सापडलेले रूपांतरित पदार्थही निष्क्रिय निघाले. तेव्हा निष्कर्ष निघाला, की ड जीवनसत्त्व जसंच्या तसं काम करतं. माणूस हुशार, प्रयोग चोख, उत्तर चूक. चूक सगळी मात्रेची.

मॅडिसनच्या प्रयोगशाळेने ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, खूण रेणूच्या पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनवर बसवली. हा रेणू इतका तेजस्वी होता की १० आय. यू.ची, म्हणजे उंदराला खरोखर लागेल एवढीच मात्रा देऊन त्याचा माग काढता आला. आता यकृत, हाडं, रक्त यांचा अर्क मिथेनॉल आणि क्लोरोफॉर्ममध्ये काढून तो सिलिसिक आम्लाच्या स्तंभातून, म्हणजे मिसळलेले पदार्थ वेगळे करणाऱ्या भरावाच्या नळीतून, सोडला, की ड जीवनसत्त्वाच्या मागून एक वेगळा, पाण्याकडे जास्त कल असलेला गट स्वतंत्र उतरू लागला. १९६६ मध्ये लुंड आणि डेलुका यांनी दाखवलं, की हा गट मुडदूस बरा करतो. त्याच्या आदल्याच वर्षी याच प्रयोगशाळेत दिसलं होतं, की अ‍ॅक्टिनोमायसिन-डी देऊन पेशीत नवा आरएनए बनणं थांबवलं तर ड जीवनसत्त्वाचा परिणामही थांबतो. म्हणजे दहा तासांतले काही तास आतड्याच्या पेशीत नवी प्रथिनं बनण्यात जातात. बाकीचे जातात रेणू बदलण्यात.

पण स्तंभातून उतरलेला गट म्हणजे काही रेणू नव्हे. त्याची रचना कळायला तो शुद्ध आणि मोजता येईल एवढा हवा. उंदरातून तो कधीच पुरला नसता. म्हणून डुकरं घेतली, त्यांना रोज ड जीवनसत्त्वाच्या भरमसाट मात्रा चारल्या आणि त्यांचं रक्तद्रव गोळा केलं. अर्क, स्तंभ, पुन्हा स्तंभ, पुन्हा स्तंभ. हे काम सांगायला एक वाक्य, करायला महिने. ड जीवनसत्त्वाच्या कुळातले रेणू फार नाजूक. उजेडाने बिघडतात, हवेने बिघडतात, आम्लाचा अंश चालत नाही. ईथर जुना असेल तर त्यातली पेरॉक्साइडं रात्रीतून माल खातात. म्हणून सगळं गडद बाटल्यांत, नायट्रोजनखाली, थंड जागी. माल शिल्लक आहे की नाही हे २६५ नॅनोमीटरच्या अतिनील शोषणावरून पाहायचं. तिथली टेकडी खचली की समजायचं, रेणू मोडला. अखेर हाती आलं ते मिलिग्रॅमच्या घरात. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये वजन आलं ४००. ड जीवनसत्त्वाचं ३८४. फरक १६, म्हणजे एक ऑक्सिजन. तो शेपटीच्या टोकाला, २५व्या कार्बनवर बसला होता. ब्लंट, डेलुका आणि श्नोज यांनी १९६८ मध्ये हे जाहीर केलं. हा २५-हायड्रॉक्सी पदार्थ मुडदूस बरा करण्यात ड जीवनसत्त्वाच्या १.४ पट जोरदार निघाला आणि कामालाही लवकर लागला. तो यकृतात बनतो हेही लगेच पुढच्या वर्षी दिसलं. आज रक्त तपासून ‘ड जीवनसत्त्वाची लेव्हल’ म्हणून जो आकडा येतो, तो या डुकरांच्या रक्तातून पहिल्यांदा निघालेल्या रेणूचा.

उशीर कमी झाला, संपला नाही. तेव्हा अजून एक मुक्काम असणार. पुढची तीन वर्षं ही शर्यतीची. मॅडिसनला डेलुका, केंब्रिजला कोडिचेक, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला अँथनी नॉर्मन. कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यातल्या पेशीकेंद्रात एक तिसराच पदार्थ साठतो हे नॉर्मन यांच्या गटाला दिसलं होतं. यात सगळ्यांत देखणी चाल मला केंब्रिजची वाटते. त्यांनी दुहेरी खूण केली: चौथ्या कार्बनवर कार्बन-१४, पहिल्यावर ट्रिटियम. आतड्यातल्या पदार्थात कार्बन-१४ शिल्लक, ट्रिटियम मात्र गायब. म्हणजे पहिल्या कार्बनवरचा हायड्रोजन कोणीतरी काढून तिथे दुसरं काही बसवलं. रेणू हातात नसताना त्याच्या कोणत्या जागी चोरी झाली ते कळलं. १९७० मध्ये फ्रेझर आणि कोडिचेक यांनी ही चोरी करणारा अवयवही पकडला: मूत्रपिंड. मूत्रपिंडं काढली की हा पदार्थ बनतच नाही. मंद खुणेमुळे एकदा चुकलेला माणूस दहा वर्षांनी त्याच प्रश्नावर असा परत येतो, हे मला डेलुकांच्या यशाइतकंच मोलाचं वाटतं.

रचनेचा पक्का पुरावा मात्र मालाशिवाय मिळत नव्हता, आणि हा माल डुकरांच्या रक्तातही नव्हता. डेलुका यांचा विद्यार्थी मायकेल होलिक याने सुमारे १५०० कोंबडीच्या पिल्लांची आतडी उपसली. पिल्लांना आधी ड जीवनसत्त्वाविना वाढवलं, मग खुणेचा रेणू दिला, ठरावीक तासांनी आतडी काढली. सिलिसिक आम्लाच्या स्तंभांत दोन जुळ्या भावांसारखे पदार्थ वेगळे होईनात, तेव्हा सेफाडेक्स एलएच-२० हा नवा भराव वापरून क्लोरोफॉर्म आणि पेट्रोलियमच्या मिश्रणात स्तंभ चालवायची रीत त्यांनी बसवली. दीड हजार आतड्यांतून अखेर उरले काही मायक्रोग्रॅम. वजन ४१६, म्हणजे दुसरा ऑक्सिजन चढला. आणि रेणूच्या पहिल्या कड्याचा तुकडा, जो साध्या ड जीवनसत्त्वात १३६ ला दिसतो, तो इथे १५२ ला सरकला. नवा ऑक्सिजन त्या कड्यातच होता. १९७१ मध्ये तिन्ही गटांनी आगेमागे एकच नाव सांगितलं: १,२५-डायहायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व, ज्याला आता कॅल्सिट्रिऑल म्हणतात. हा टोचला की आतडं दोन-चार तासांत हलतं. दहा तासांचा हिशेब जुळला. आधी यकृत, मग मूत्रपिंड, मग पेशीतला कारखाना.

चुका इथेही झाल्या. मॅडिसनच्या गटाने रक्तातला आणखी एक पदार्थ ‘२१,२५’ म्हणून जाहीर केला होता. १९७२ मध्ये त्यांनीच तो २४,२५ असल्याचं दुरुस्त केलं. ही दुरुस्ती किरकोळ नव्हती. २४व्या जागी ऑक्सिजन बसवणं ही शरीराची रेणू मोडीत काढायची पद्धत आहे. कॅल्शियम कमी पडलेल्या उंदराचं मूत्रपिंड १,२५ बनवतं. कॅल्शियम मुबलक असलेल्या उंदराचं मूत्रपिंड तोच कच्चा माल २४,२५ कडे वळवतं. गाडीला वेग आणि ब्रेक एकाच पेटीत. पॅराथायरॉइड ग्रंथी ही त्या पेटीवरची चालक. रक्तात कॅल्शियम घसरलं की तिचं संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंडाला १,२५ बनवायला लावतं. एका अवयवात बनतो, रक्तातून दुसरीकडे जातो, गरजेप्रमाणे वरखाली होतो: याला जीवनसत्त्व कसलं म्हणायचं, हे तर संप्रेरक झालं. नाव मात्र १९२२ चं चिकटलं ते चिकटलं.

आजाऱ्यांना याचा फायदा किती पटकन झाला ते पाहण्यासारखं आहे. काही मुलांना जन्मतःच असा मुडदूस असतो की नेहमीच्या मात्रेने हलत नाही; ड जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा द्याव्या लागतात. १९७३ मध्ये अशा मुलांना मॅडिसनचं १,२५ मायक्रोग्रॅममध्ये देऊन पाहिलं आणि ती सुधारली. त्यांच्या मूत्रपिंडातला तो एक टप्पाच मोडलेला होता. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर हाडं का ठिसूळ होतात, याचंही उत्तर इथेच निघालं. अमेरिकेत १९७८ मध्ये कॅल्सिट्रिऑल औषध म्हणून मंजूर झालं. डायलिसिसवरच्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात आजही ०.२५ मायक्रोग्रॅमची मऊ कॅप्सूल असते. शेजारच्या साठ हजारच्या पुडीत १,५०० मायक्रोग्रॅम. सहा हजार पट फरक, आणि दोन्हींना घरात ‘ड’ असंच म्हणतात. मूत्रपिंड गेलेल्या रुग्णाला फक्त पुडी देऊन तो टप्पा ओलांडता येत नाही. उलट धडधाकट माणसाने कॅल्सिट्रिऑल रोज घेतलं तर ब्रेकला बगल मिळते आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं.

यानंतरचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. १९७९ मध्ये स्टंफ, सार आणि डेलुका यांनी खुणेचं १,२५ उंदराला देऊन ते कुठल्या पेशीकेंद्रांत जाऊन बसतं हे चित्रात पकडलं. आतडं आणि मूत्रपिंड अपेक्षित होते. पण त्वचा, जठर, पिट्यूटरी ग्रंथी यांतही ते दिसलं. पुढे त्याचा ग्राहक रेणू, म्हणजे पेशीत ज्याला ते जाऊन चिकटतं तो रेणू, शरीरात जागोजागी सापडत गेला. इथून आशेला पाय फुटले. सोरायसिसवर या कुळातलं मलम खरोखर उपयोगी पडलं. पण ‘पेशीत ग्राहक आहे’ पासून ‘गोळी घेतली तर कर्करोग टळेल, हृदय सांभाळेल, मन प्रसन्न राहील’ पर्यंतची उडी कोणी कधी मारली ते कळलंच नाही. कुलूप आहे म्हणजे किल्ली हरवलीच असेल, असा तो तर्क.

२०१८ मध्ये व्हायटल या चाचणीचे निकाल आले. २५,८७१ माणसं, पुरुष पन्नाशीचे आणि स्त्रिया पंचावन्नच्या पुढच्या, रोज २,००० आय. यू., पाचेक वर्षं. नव्याने होणारा कर्करोग कमी झाला नाही, हृदयविकारही नाही. २०२२ मध्ये हाडमोडीचा निकाल आला. तिथेही फरक नाही. याचा अर्थ ड जीवनसत्त्व निरुपयोगी, असा काढणारे तितकेच चुकतात. त्या माणसांची पातळी मुळातच सरासरी मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या आसपास होती. भरल्या घागरीत पाणी ओतून तहान भागते का, हे तपासल्यासारखं ते आहे. पडदानशीन बाईला, मुडदूस झालेल्या पोराला, वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्याला ही चाचणी लागू नाही. आणि ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख आय. यू. देऊन पाहिले, तर औषध घेणाऱ्यांत पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. तो निकाल २०१० चा आहे. आपल्याकडे सहा लाखांचं इंजेक्शन त्यानंतरही सर्रास टोचलं गेलं.

डेलुका यांच्याच प्रयोगशाळेतला एक धागा या बाबतीत बोलका आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारासारखा आजार माउस जातीच्या छोट्या उंदरांत आणता येतो. १९९६ मध्ये या प्रयोगशाळेने दाखवलं, की १,२५ दिलं तर तो टळतो. उन्हाच्या देशांत हा आजार कमी, तेव्हा गोष्ट जुळली असं जगाला वाटलं. त्यांनी ती तिथे सोडली नाही. २०१० मध्ये त्यांनीच लिहिलं, की अतिनील किरण या आजाराला अडवतात खरे, पण ड जीवनसत्त्वाच्या वाटेने नव्हे. २०१२ मध्ये पुढचं: ड जीवनसत्त्व किंवा त्याचा ग्राहकच नसलेल्या उंदरांत हा आजार नीट होतच नाही. आपल्याच सोयीच्या सिद्धान्ताविरुद्ध, तोही पेटंटं हाताशी असताना, असा निकाल छापायला जिगर लागते. होलिक यांनी वेगळी वाट धरली. त्वचेत ड जीवनसत्त्व कसं बनतं याचं रसायन त्यांनी सुंदर उलगडलं, आणि पुढे ते अधिक ऊन, अधिक गोळ्या यांचे खंबीर पुरस्कर्ते झाले. औषध आणि तपासणी उद्योगांकडून मिळालेल्या पैशांवरून त्यांच्यावर टीकाही झाली. गुरू-शिष्य दोघेही एकाच १५०० आतड्यांतून निघालेले.

आपल्याकडे या सगळ्याचं काय झालं ते कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबच्या रांगेत दिसतं. पॅकेजमध्ये ‘व्हिटॅमिन डी’ असतंच. काही वेळा भलतीच तपासणी लिहून दिली जाते, १,२५ ची. तिचा आकडा कमतरता असतानाही नॉर्मल किंवा चढा येतो, कारण पॅराथायरॉइड मूत्रपिंडाला दामटत असते. कमतरता पाहायची तर २५-हायड्रॉक्सीच पाहायची. १,२५ चं काम वेगळं: रक्तात कॅल्शियम विनाकारण चढलंय आणि सारकॉइडोसिस किंवा क्षयाच्या गाठींचा संशय आहे, अशा वेळी. त्या गाठींतल्या पेशी स्वतःच १,२५ बनवतात आणि मूत्रपिंडाचा ब्रेक त्यांना लागू नसतो. क्षयाच्या देशात हे ध्यानात ठेवलेलं बरं. अशा माणसाला ‘अशक्तपणा आहे, पुडी घ्या’ म्हणणं महागात पडू शकतं.

पुडीचा नेहमीचा घोळ म्हणजे आठवड्याला एक लिहिलेली असते आणि घरी रोज एक जाते. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळलेपणा ही मग लक्षणं. आणि चरबीत साठलेला माल निघायला महिने लागतात. इतका साठा झाला की २५-हायड्रॉक्सी स्वतःच ग्राहकाला जाऊन चिकटतं, मूत्रपिंडाची परवानगी कोण विचारतो.

उन्हाचंही तसंच. आजी कोवळ्या उन्हात बसायला सांगते, ते अंग शेकायला उत्तम. पण सूर्य तिरपा असतो तेव्हा लागणारे किरण हवेतच गाळले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच त्वचेत खरं काम होतं, म्हणजे साधारण अकरा ते दोन. खिडकीच्या काचेआडून काहीच नाही. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, म्हाताऱ्या त्वचेत कच्चा माल कमी असतो.

आणि गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला जाण्यात अर्थ नाही. २५-हायड्रॉक्सीचं निम्मं प्रमाण सरायलाच दोन-तीन आठवडे लागतात, पातळी स्थिर व्हायला तीन महिने. तोवर आकडा चढतच असतो, आणि मधल्या कागदावर छापलेला आकडा वाटेतला असतो.